आपले यवतमाळ आणि थोरली शहरे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यान देण्याची सवय असलेला मी मनुष्य नव्हे. माझे सारे आयुष्य हातात खडू धरून फळ्यासमोर उभे राहण्यात गेले. तेथील श्रोत्यांना मधूनच उठून जाता येत नाही, ही शिक्षकाची मोठीच सोय असते. ती सोय येथे नाही, हे ध्यानात ठेवून मी बोलणार आहे.

आपल्या चिटणीसांनी मला जो विषय दिला आहे तो वरवर पाहता निबंधाचा आहे: तरुण, वाढते यवतमाळ आणि जुनी मोठी शहरे यांची तुलना. परंतु या विषयाच्या पोटात आपल्या वसतिगृहाचा प्रश्न दडलेला आहे, हे आपण सर्व जाणता. दोन वर्षे झाली, निधी जमला आहे, आणि अद्याप एक वीटही रचली गेलेली नाही. इमारत नागपुरास व्हावी असे काहींचे म्हणणे, यवतमाळासच व्हावी असे काहींचे. मी स्वतः गेल्या वर्षापर्यंत नागपूरच्या बाजूचा होतो. माझे मत का पालटले, एवढेच आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम 'तरुण' हा शब्द तपासून घेऊ. यवतमाळ हे गाव म्हणून काही नवे नाही. 'आईन-इ-अकबरी'त 'योत लोहारा' अशी या परगण्याची नोंद सापडते. यवत आणि त्याच्या पश्चिमेस तीन मैलांवरचे लोहारा अशी ती जोडी होय. नावातला 'माळ' हा 'महाल' या शब्दाचा अपभ्रंश समजला जातो. तथापि शहर म्हणून पाहू गेल्यास यवतमाळ हे आपल्याच जिल्ह्यातील धाकटे भावंड आहे. आज तालुक्याचे साधे गाव असलेले कळंब मोगलांच्या वऱ्हाडसुभ्यात एका सरकारचे ठाणे होते. १८६४ साली इंग्रजांनी हा जिल्हा आखला तेव्हा त्यास प्रथम आग्नेय वऱ्हाड असे म्हटले, आणि पुढे 'वून' म्हणजे आपल्या वणीचे नाव दिले. कचेऱ्या मात्र यवतमाळच्या उंच माळावर थाटल्या. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद आपल्याकडे आले, तेव्हा कोठे जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणजे कलेक्टरसाहेब येथे, कोर्ट येथे, आणि नाव दुसऱ्याचे, असा संसार या गावाने चाळीस वर्षे केला.

यावरून एक गोष्ट उघड होते. यवतमाळ हे देवस्थानामुळे, राजधानीमुळे वा पेठेमुळे मोठे झाले नाही. ते कचेरीमुळे झाले, आणि कचेरीपाठोपाठ आलेल्या कापसामुळे झाले.

आता रेल्वेचे पाहा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. तो बडनेरा, धामणगाव, वर्धा असा गेला. अमरावतीही त्या मार्गावर नव्हतीच. परंतु तिच्या व्यापाऱ्यांचे वजन असे, की बडनेऱ्यापासून सहा मैलांचा फाटा तिच्यासाठी घातला गेला. यवतमाळास मात्र धामणगावचे स्टेशन गाठण्यास सुमारे तीस मैलांची वाट तुडवावी लागे. आपली गाडी आली ती १९०३ साली, आणि तीही अडीच फुटी रुळांची. मूर्तिजापूरपर्यंतच्या त्या गाडीला लोकांनी 'शकुंतला' हे नाव दिले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकीत कापूस व माणसे वाहत होते. लहानपणी मी तिने दारव्ह्यास मामाच्या घरी गेलो आहे. वाटेत गाडीचा वेग इतका मंदावे, की आम्ही पोरे खाली उतरून बोरे वेचावीत आणि धावत जाऊन पुन्हा डबा पकडावा. वडिलांच्या हातचा मार त्यापायीच खाल्ला. आता ती गाडी धावत नाही. मोठ्या रुळांची गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली ती २०२४ च्या फेब्रुवारीत; नांदेडला जावयाचा तो मार्ग आहे. समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यात शिरला नाही, धामणगावजवळूनच गेला. दीडशे वर्षांपूर्वी लोहमार्गाने जे केले तेच या महामार्गानेही केले, याची मला मोठी गंमत वाटते. खंतही वाटते.

गणित हा माझा विषय. तेव्हा थोडे आकडे सांगू द्यावेत. १९०१ च्या जनगणनेत यवतमाळची वस्ती साडेदहा हजार होती, नागपूरची १ लक्ष २७ हजार. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची वस्ती १ लक्ष १६ हजार भरली आणि नागपूरची २४ लक्ष. म्हणजे एकशे दहा वर्षांत आपण अकरापट झालो. पण नागपूर १९०१ साली जेथे उभे होते तेथपर्यंतही २०११ मध्ये आपण पोहोचलो नव्हतो. नागपूर त्याच अवधीत जवळजवळ एकोणीसपट झाले. मग 'झपाट्याने वाढणारे' हे विशेषण आपण स्वतःस कसे लावतो? त्याचेही उत्तर जनगणनेतच आहे. २००१ च्या मानाने २०११ ची नगरपालिका हद्दीतील वस्ती थोडी घटलेलीच दिसते. परंतु लोक घटले नव्हते. ते हद्दीबाहेर लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, भोसा येथे घरे बांधून राहिले होते. ही गावे पुढे नगरपालिकेत घेतली गेली. अकबराच्या कागदावर शेजारी लिहिलेले यवत आणि लोहारा अशा रीतीने पुन्हा एका घरात आले. त्या घरात रस्ते आधी की नाल्या आधी, हा वाद अजून चालू आहे. तो येथे नको.

आता थोरल्या शहरांकडे वळू. नागपूरही फार वृद्ध नव्हे. १७०२ च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने बारा वाड्या एकत्र करून ते वसविले. मग भोसल्यांची राजधानी, १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल, १९२३ मध्ये विद्यापीठ. अशा शहराची राजधानी १९५६ साली गेली. पुढे मिलही गेली. २००२ मध्ये ती बंद पडली. दुसरे एखादे शहर खचले असते. नागपूर खचले नाही, कारण सरकारी कचेऱ्यांखेरीज तेथे पुष्कळ काही उभे होते: हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे, ग्रंथालये, छापखाने, आणि नाना ज्ञातींच्या धर्मशाळा व वसतिगृहे.

अमरावतीची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. पेंढाऱ्यांच्या भयाने निजामाच्या राजवटीत १८०७ साली तिच्याभोवती परकोट घालण्यास आरंभ झाला. अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आपण अजून घेतो. यवतमाळास भिंत कधीच नव्हती. ज्याला भिंत नाही त्याच्याकडे लुटण्यासारखे काही नव्हते, असा याचा अर्थ कोणी लावील, आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु अमरावतीचे वैभव त्या दगडांत नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी तेथे हनुमान आखाडा काढला, त्याचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले. डॉ. पंजाबराव देशमुखांनी खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्या छात्रालयात राहिला नसता तर शाळेचे तोंडही पाहिले नसते, असा मनुष्य वऱ्हाडात गावोगाव भेटे. जुन्या शहराचे जुनेपण असे साठत जाते. राजवट बदलली, बाजार बसला, तरी ते साठलेले राहते.

आपले दुःख याच्या उलट आहे. आपल्याकडे गोष्टी जन्मास येतात आणि पाय फुटले की बाहेर पडतात. वणीस जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी यवतमाळास वकिली केली आणि येथूनच 'लोकमत' साप्ताहिक काढले. जवाहरलालजी दर्डांनी ते येथेच पुन्हा सुरू केले. परंतु १९७१ मध्ये त्याचे दैनिक झाले ते नागपुरात. यात कोणास दोष नाही, दैनिकाला मोठे शहर लागते. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीस स्थापन झाला आणि त्याचेही बिऱ्हाड पुढे नागपुरास गेले, तेथे आपली काय कथा! मुलांचेही तेच. माझा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्यास परत ये असे मी म्हणत नाही, आणि म्हटले तरी तो येणार नाही.

यवतमाळ अगदीच रिकामे आहे असे मात्र कोणी समजू नये. १९८९ पासून येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लोहाऱ्यास औद्योगिक वसाहत आहे, आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावाने दोनदा भरविले: १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या. दुसऱ्या संमेलनाच्या आदल्याच वर्षी, २०१८ च्या उन्हाळ्यात, निळोणा व चापडोह ही धरणे आटली आणि पंधरा-पंधरा दिवस नळास थेंब आला नाही, हेही येथे बसलेल्या भगिनी विसरल्या नसतील. रात्री दोन वाजता टँकरमागे घागरी घेऊन आपण सारे, सोनार, मास्तर, वकील, एकाच रांगेत उभे होतो. साडेचारशे मीटरच्या आसपास उंची असलेल्या माळावर, मोठी नदी नसलेल्या जागी, साहेबाने हवा पाहून कचेरी मांडली. लाख माणसांच्या पाण्याचा विचार त्याच्या मनात नसावा. नागपूरच्या बाजूने बोलणारे बंधू हाच मुद्दा प्रथम काढतात, आणि तो खरा आहे.

त्यांचा दुसरा मुद्दाही खरा आहे. चांगली महाविद्यालये, शिकवणीचे वर्ग, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका हे सारे नागपुरास अधिक. म्हणूनच मी त्यांच्या बाजूचा होतो.

माझे मत पालटले ते एका जुन्या प्रसंगाची आठवण पुन्हा समोर उभी राहिल्यामुळे. आर्णी तालुक्यातील एका खेड्यात मी शिक्षक असताना आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी माझ्या वर्गात होती. उदाहरण मी फळ्यावर लिहून पूर्ण करावयाच्या आत तिचे उत्तर तयार असे. पुढे आर्णीस ती बारावी झाली, चांगल्या गुणांनी झाली. मी तिच्या वडिलांस म्हटले, "नागपुरास पाठवा, मी दोन-चार ठिकाणी चिठ्ठी देतो." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, यवतमाळास कोणी असते तर पोरीला आज ठेवली असती. कापूस घेऊन मी तेथे येतोच. येता-जाता तिला पाहून गेलो असतो. नागपूर मला ठाऊक नाही." त्या वेळी मला हे अडाणीपणाचे बोलणे वाटले, आणि मी तसे त्यांस ऐकविलेही. पुढल्या वैशाखात मुलीचे लग्न झाले.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात ती मला भेटली. सोबत तिची मुलगी होती, दहावीत. मुलीस गणित आवडते, असे तिने मला दोनदा सांगितले. मी घरी गेलो आणि मला झोप आली नाही. बापाचे ते बोलणे अडाणीपणाचे नव्हते. तो हिशेब होता, आणि माझ्यापेक्षा अचूक होता. घाटंजी, आर्णी, राळेगाव, पांढरकवडा येथला शेतकरी कापसासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, दवाखान्यासाठी, खतासाठी वर्षातून दहा वेळा यवतमाळास येतोच. नागपुरास तो जातो ते आयुष्यात चार वेळा, आणि त्यातील दोन वेळा आजारपणासाठी. ज्या शहरी बापाचे येणे-जाणे आहे, त्याच शहरी तो मुलगी ठेवतो. नागपूरच्या इमारतीत आपल्यापैकी ज्यांची मुले कशीही करून नागपुरास पोहोचणारच आहेत, त्यांची सोय होईल. यवतमाळच्या इमारतीत ती येईल, जी अन्यथा कोठेच जाणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. इमारत यवतमाळास बांधावी, आणि पहिल्या टप्प्यात ती केवळ मुलींसाठी असावी. नागपुरास तूर्त चार खोल्या भाड्याने घ्याव्यात; पदवीनंतर जाणाऱ्या मुलामुलींना तेवढ्याने भागेल. पाण्याची भीती मनात ठेवूनच बांधकाम करावे: छतावरचे सारे पाणी धरणारे टाके जमिनीखाली घ्यावे, आणि ते पायाबरोबरच घ्यावे. मागाहून घेऊ म्हटलेले टाके कधी होत नाही, हे मी शाळांच्या बांधकामांत पुष्कळ पाहिले आहे. खर्च वाढेल. त्यासाठी दर्शनी भागातील सभागृह व त्यावरील घुमट वगळावा लागला तरी माझी हरकत नाही. घुमटासाठी ज्यांनी देणगी जाहीर केली आहे त्या बंधूंची मी क्षमा मागतो; त्यांचे नाव टाक्यावर घालू.

आराखड्याचा कागद दाराजवळच्या मेजावर पसरून ठेवला आहे. त्यात बारा खोल्या दाखविल्या आहेत. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेस काढली आहे, ती उन्हाळ्यात त्रासाची होईल असे माझ्या पत्नीचे मत आहे, आणि याबाबत तिचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. भगिनींनी जेवणास बसण्यापूर्वी तो कागद अवश्य पाहावा व आपल्या सूचना पेन्सिलीने तेथेच लिहाव्यात.