अध्यापक घडविणारी दोन वर्षे



निजामी राजवटीत मराठवाड्यात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मातृभाषेतून शिकविणाऱ्या शिक्षकाचे मोल म्हणूनच पाथरीसारख्या तालुक्यास वेगळे सांगावे लागत नाही.

असा शिक्षक बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या पदविकेतून घडतो. पूर्वी तिला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. पदविका घेऊनही नोकरी मिळत नाही, ही पालकांची तक्रार निराधार नव्हती. त्यामुळे अनेकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. परंतु 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठी पात्रता ठरत नाही, असा निर्णय दिला. सहा वर्षांच्या मुलास अक्षर-अंकांची ओळख करून देणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, हेच त्यातून अधोरेखित झाले.

तथापि, पदविका म्हणजे नेमणूक नव्हे. त्यापुढे 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा आणि 2017 पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे. प्रवेशापूर्वीच ही गोष्ट विद्यार्थ्यांस स्पष्टपणे सांगणे, हे आपले कर्तव्य होय.

मुख्याध्यापकांना व पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. छात्राध्यापक आंतरवासितेसाठी आपल्या शाळेत येईल, तेव्हा रजेवरील शिक्षकाची जागा भरण्यापुरता त्याचा उपयोग करू नका. ऊसतोडीहून परतलेल्या, वाचन विसरलेल्या मुलाजवळ त्यास बसू द्या. ते मूल पुन्हा वाचू लागले, तर त्या दोन वर्षांचे सार्थक झाले असे समजावे.