कात्री आधी व्याजाला



यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू करण्यापूर्वी शेतात सीतादही करण्याची रीत आहे. पऱ्हाटीपाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिले बोंड खुडायचे. वर्षभर राबून पिकविलेली लक्ष्मी आता घरी येणार, म्हणून तिचे हे स्वागत. परंतु आज कित्येक घरांत असे घडते की, कापसाची गाडी अंगणातून निघण्याआधीच तिच्या पैशाचे वाटेकरी ठरलेले असतात. कृषी केंद्राची उधारी, सावकाराचे व्याज, किराणा दुकानाची वही आणि बँकेची मुदत. लक्ष्मी येते खरी, पण उंबऱ्यावरूनच परतते.

आजचा विषय घरखर्चाचा आणि कर्जफेडीचा आहे. कर्ज फिटेपर्यंत घर चालवायचे कसे, खर्चाला कात्री कुठे लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाही, एवढाच हा प्रश्न आहे. प्रश्न साधा दिसतो, परंतु या जिल्ह्यात त्याच्याशी माणसांचे प्राण जोडले गेले आहेत.

१९ मार्च १९८६ हा दिवस यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार अपत्यांसह पवनारजवळ दत्तपूर येथे जीवनयात्रा संपविली. आज अनेक ठिकाणी त्या तारखेला अन्नत्याग करून त्यांचे स्मरण केले जाते. करपे हे उधळे नव्हते, आळशीही नव्हते. गावात प्रतिष्ठा असलेले ते कुटुंब होते. म्हणून काटकसरीचा विचार मांडताना पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेतकरी बुडतो तो उधळपट्टीमुळे, असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पाऊस त्याच्या हाती नाही, कापसाचा भाव त्याच्या हाती नाही, बियाण्याची आणि फवारणीच्या औषधांची किंमतही त्याच्या हाती नाही. धोरणांची लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. परंतु ती जिंकेपर्यंत घर उभे राहिले पाहिजे, आणि ते उभे ठेवण्याचे काही उपाय मात्र घराच्या हाती आहेत.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे आपल्याकडे सांगतात. नोकरदाराला हे सोपे आहे, कारण त्याचे अंथरूण दर महिन्याच्या १ तारखेला मोजून मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याचे अंथरूण किती लांब आहे, हे त्याला दिवाळीनंतर कळते. पाय मात्र जूनपासून पसरावे लागतात. उत्पन्न एकदा आणि खर्च बारा वेळा, ही खरी अडचण आहे. म्हणून या घरांचे अंदाजपत्रक महिन्याचे नव्हे, वर्षाचे हवे. ते यंदाच्या अपेक्षित पिकावर बांधू नये. गेल्या पाच वर्षांत ज्या वर्षी सर्वांत कमी पैसा हाती आला, ते वर्ष प्रमाण मानावे. तेवढ्यात घर बसले, तर त्याहून जे अधिक येईल ते कर्जफेडीला मोकळे राहते.

आता कर्जाचा हिशेब पाहू. समजा, पाच एकर कोरडवाहू शेती असलेल्या एका घरावर एकूण २ लाखांचे कर्ज आहे. त्यात बँकेचे पीककर्ज ८० हजार, दागिने गहाण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी काढलेले ५० हजार, कृषी केंद्राची महिना २ टक्क्यांची उधारी ३० हजार आणि सावकाराचे शेकडा ५ रुपये महिन्याने घेतलेले ४० हजार. या घरात सर्वांत मोठी धास्ती कोणाची असते? बँकेची. कारण बँकेची नोटीस छापील असते आणि तिच्यावर शिक्का असतो. सावकार गावातलाच असतो, तो रामराम घालतो, चहा घेतो आणि 'सवडीने द्या' म्हणतो.

परंतु वर्षाचे व्याज मांडले की चित्र उलटे होते. दागिन्यांवरचे व्याज ६ हजार, कृषी केंद्राचे ७ हजार २००, आणि सावकाराचे तब्बल २४ हजार. पीककर्ज मुदतीत भरले, तर त्यावर शून्य. म्हणजे कर्जाचा एक पंचमांश भाग सावकाराचा, पण व्याजाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तो एकटा नेतो. महिन्याला २ हजार रुपये व्याज भरत राहिले, तर दहा वर्षांत २ लाख ४० हजार देऊनही मुद्दल ४० हजार तसेच उभे. तेच दरमहा ३ हजार ५०० दिले आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरले, तर १८ महिन्यांत सारे कर्ज संपते. फरक किती? महिन्याला दीड हजार रुपयांचा. त्या दीड हजारात त्या घराची सुटका आहे. महिन्याला रोकड नसेल, तर वेचणीच्या दिवसांत तीच रक्कम एकत्र काढून मुद्दलात जमा करावी आणि तशी पावती घ्यावी.

म्हणून फेडीचा क्रम असा असावा. पीककर्ज ठरल्या मुदतीत भरावे. २०२१-२२ पासून महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे दारही बंद होते. मात्र त्यासाठी सावकाराकडून रक्कम उचलून कर्जाचे नवे-जुने करण्याची जी सवय पडली आहे, ती घातक आहे. आठ दिवसांसाठी घेतलेले ते पैसे पुष्कळदा वर्षभर राहतात. त्यानंतर उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जाकडे वळवावा, मग त्याखालच्या आणि शेवटी स्वस्त कर्जाकडे.

कर्जमाफीच्या आशेवर थांबणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००८ मध्ये केंद्राची माफी झाली. तिच्यात संपूर्ण माफीला २ हेक्टरांची मर्यादा असल्याने विदर्भातील अनेक कोरडवाहू शेतकरी तिच्या पूर्ण लाभाबाहेर राहिले. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने माफी जाहीर केली. या साऱ्यांनी काही काळ श्वास घेऊ दिला. परंतु विनापरवाना सावकाराचे कर्ज यांपैकी कोणत्याही यादीत नव्हते. जे कर्ज सर्वांत अधिक कापते, ते कोणीही माफ करीत नाही.

यवतमाळ, वणी, पुसद अशा गावांतील नोकरदार कुटुंबांनी हा प्रश्न आपला नव्हे, असे समजू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी वाढली, तर वर्षाचा दर ४२ टक्के होतो. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज अनेकदा याहूनही महाग पडते. फेटा आणि चोपडी गेली, तरी सावकारी राहिलीच आहे.

तो दीड हजार रुपया आणायचा कोठून? प्रथम, ज्याने घराचे पोषणही होत नाही आणि शोभाही वाढत नाही, तेथे पाहावे. या भागात खर्ऱ्याचे व्यसन घरोघर आहे. २० रुपयांचा एक धरला आणि दिवसाला दोन खाल्ले, तर महिन्याचे १,२०० रुपये होतात. तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. दारूचा हिशेब तर बायकांना अधिक ठाऊक आहे. जिल्ह्यातील महिला दारूबंदीसाठी मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यामागे हीच घरची वजाबाकी होती.

दुसरे म्हणजे किराणा. आपल्याच शेतातली तूर हंगामात मिळेल त्या भावाला विकायची आणि वर्षभर दुकानातून उधारीवर डाळ आणायची, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. वर्षाला लागेल तेवढी तूर घरी ठेवावी. कापसाच्या शेतात दोन तास ज्वारीचे आणि सांडपाण्यावर चार वेल भाजीचे असले, तर वहीची पाने कमी भरतात. उधारी बंद होताच भाव विचारण्याचा हक्कही परत मिळतो. उधारीवर घेणारा भाव विचारीत नाही.

तिसरे, वीजबिल. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट होतो. म्हणून ११०-१२० युनिट वापरणाऱ्या घराने ते शंभराच्या आत आणले, तर बचत दिसते. ६० वॉटचा एखादा जुना दिवा अजून जळत असेल, तर रोज पाच तासांप्रमाणे तो महिन्याला ९ युनिट घेतो. ९ वॉटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. परंतु बचत करण्यासाठी म्हणून हप्त्यावर नवी उपकरणे आणणे म्हणजे आग विझविण्यासाठी तेल आणण्यासारखे आहे. कर्ज असताना प्रथम सवय बदलावी, वस्तू नंतर.

आता कात्री कुठे लावू नये, ते ऐका. आपल्या घरांत टंचाई आली की सर्वांत आधी बाईच्या ताटातले कमी होते. त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्यानंतर मुलीचे शिक्षण थांबते, आणि मग औषध लांबणीवर पडते. या तिन्ही बचती खोट्या आहेत. त्यांचे व्याज सावकाराहून जबर असते. आजारपणासाठी कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. २०२३ च्या निर्णयानुसार तिच्यात प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. फवारणीचे हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा हाही खर्चच आहे. तो वाचविण्याचा खर्च नव्हे.

आणखी एक खर्च असा आहे की, तो घर ठरवीत नाही, समाज ठरवितो. लग्न आणि तेरवी. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने तेरवीच्या जेवणासाठी कर्ज काढावे, हे कोणत्याही धर्माला मान्य असणार नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावोगावी कीर्तनांतून हेच बजावीत फिरले. येथे कार्यकर्त्यांचे खरे काम आहे. गरिबाने साधे लग्न केले तर त्याला ऐपत नव्हती म्हणतात. गावातल्या प्रतिष्ठिताने सामूहिक विवाहात आपली मुलगी दिली, तर तो रिवाज होतो. उपदेश गरिबाला आणि मंडप आपल्या दारी, असे चालणार नाही.

कायद्याचेही थोडे ज्ञान घरात असावे. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी सांगितला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरविला आहे. त्या वर्षी शासनाने ठरविलेले दर शेतकऱ्यांसाठी तारण कर्जास वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जास १२ टक्के असे होते. शेकडा ५ रुपये महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के, हे शेजारी मांडून पाहा. कर्जापोटी खरेदीखत करून घेऊन बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि कायद्याने त्यासाठी १५ वर्षे मागे जाण्याची मुभा ठेवली आहे. कोऱ्या कागदावर सही आणि पावतीविना फेड, या दोन गोष्टी कधीही करू नयेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ घरांत कर्ज किती आहे, हे एकट्या पुरुषाला ठाऊक असते. बायकोला काळजी नको, मुलांचे मन विचलित व्हायला नको, म्हणून तो ते पोटात ठेवतो. घरातल्यांना आकडा कळतो तो पुष्कळदा तो माणूस गेल्यानंतर, वसुलीला आलेल्यांच्या तोंडून. बचत गटातल्या ज्या बायका दर महिन्याला गटाची वही चोख लिहितात, त्यांना स्वतःच्या घराची वही दाखविली जात नाही, ही विसंगती संपली पाहिजे. एक साधी वही घ्यावी. तिच्यात कोणाचे किती, कोणत्या दराने, कोणत्या तारखेला, हे लिहावे आणि महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून ती वाचावी. आकडा मोठा असला तरी चौघांनी पाहिला की त्याचा भार वाटला जातो. ज्याला तोही भार असह्य होतो आहे, असे दिसेल, त्याला एकटे सोडू नये. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते.

यंदा सीतादही होईल, तेव्हा एवढे करावे. पूजा आटोपल्यावर शेताच्या बांधावर बसून ती वही उघडावी, आणि पहिल्या वेचणीच्या पैशाने कोणते कर्ज कमी होणार, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे. तसे झाले, तर लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाणार नाही.