पहिला डॉक्टर कुठे गेला?

आज आम्ही डॉक्टरांविषयी बोलणार आहोत. आजारांविषयी आपण नेहमी बोलतो, औषधांविषयीही बोलतो. पण डॉक्टर कोण होतो, कोणत्या शाखेचा होतो आणि आपल्या वस्तीत येऊन बसतो की नाही, याचा विचार आपण सहसा करत नाही. तो करायला हवा, कारण घरातल्या आजारपणाची धावपळ शेवटी आपल्याच वाट्याला येते.

कोपर स्टेशनला उतरून डोंबिवलीच्या दिशेने चालताना दवाखान्यांच्या पाट्या वाचत जा. बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, वंध्यत्वावरचे उपचार, सोनोग्राफी, एमआरआय. आपल्यापैकी ज्यांचे केस पिकलेत त्यांना आठवत असेल, पूर्वी आपला सगळा कारभार एकाच दवाखान्यात चालायचा. बाहेर बाकडं, आत डॉक्टर आणि फळीआड कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटलीला डोस मोजायला कागदाची पट्टी चिकटवलेली. सासूबाईंचा दमा, पोरांचा गोवर, सुनेचे दिवस, घरातल्या पुरुषाचं पिणं, सगळं त्या एका डॉक्टरांना ठाऊक असायचं. ते डॉक्टर थकले, दवाखान्याचं शटर खाली आलं. त्यांची मुलं डॉक्टर झालीही, पण कुणी हृदयाचा झाला, कुणी क्ष-किरणांचा. वडिलांच्या खुर्चीत मात्र कुणी बसलं नाही.

हे असं का झालं? तरुण डॉक्टरांना नावं ठेवून उत्तर मिळणार नाही. थोडं मागे जाऊ.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे दोन तऱ्हेचे डॉक्टर तयार होत. एक पूर्ण पदवीचे, दुसरे एलसीपीएस, एलएमपी अशा लहान शिक्षणक्रमाचे. गावोगावचे, लहान शहरांतले कितीतरी डॉक्टर या दुसऱ्या प्रकारचे होते. मग आली भोर समिती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे आपल्या नाशिकचे. १९४६च्या अहवालात समितीने सुचवलं की दोन दर्जे नकोत, सगळ्यांना एकच चांगलं शिक्षण द्या आणि त्यातून कुठल्याही रुग्णाला पहिल्यांदा तपासू शकेल असा डॉक्टर घडवा. म्हणजे एमबीबीएस झालेला डॉक्टर हाच आपला पहिला डॉक्टर असणार होता.

आता आजचं चित्र बघा. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१४पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या, त्या २०२४मध्ये १,१२,११२ झाल्या. एमडी, एमएससारख्या पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या, त्या ७२,६२७ झाल्या. दोन्ही आकडे दुपटीच्या वर गेले. आपल्याच पट्ट्यात कळव्याला ठाणे महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय १९९२पासून आहे. म्हणजे डॉक्टर घडताहेत आणि पूर्वीपेक्षा खूप जास्त घडताहेत.

पण एमबीबीएस झालेल्या मुलाला किंवा मुलीला विचारा, आता काय? उत्तर एकच, नीट-पीजी. साडेपाच वर्षं शिकून झाल्यावर एक वर्ष, कधी दोन वर्षं अभ्यासिकेत बसायचं. त्यांचंही बरोबर आहे. नुसत्या एमबीबीएसला लोक विचारतात, ‘तुम्ही कशाचे डॉक्टर?’ आणि असं विचारणारे आपणच असतो. जागेचं डिपॉझिट आणि भाडं डोक्यावर घेऊन सर्दी-तापाच्या फीवर घर चालवायला कुणाची छाती होत नाही.

पदव्युत्तर शाखांमध्येही सगळीकडे सारखी गर्दी नसते. क्ष-किरण, त्वचारोग आणि मेडिसिनच्या जागा आधी भरतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र इथल्या जागा ओस पडतात. सप्टेंबर २०२३मध्ये तर पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. या रिकाम्या शाखा म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शाखा. तिथे शिक्षक नसतील तर उद्याचा डॉक्टर शिकणार कुणाकडून? आणि घरच्या डॉक्टरचं शास्त्र, ज्याला फॅमिली मेडिसिन म्हणतात, त्यातली आपल्या देशातली एमडी पहिल्यांदा सुरू झाली ती २०१२मध्ये, केरळात कोझिकोडला. इतर शाखांच्या मानाने इतक्या उशिरा.

गावांत याची दुसरी बाजू दिसते. देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ हवेत. २०२२च्या सरकारी अहवालानुसार या तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. शहरात पाट्यांची दाटी आणि गावात खुर्ची रिकामी. बाळंतीण अडली, सिझेरियन करायचं, पण भूल द्यायला कुणी नाही, अशी वेळ इतकी वारंवार येऊ लागली की राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांनाच १८ आठवड्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली.

मग पहिल्या डॉक्टरची रिकामी जागा कोण भरतंय? आपल्या चाळींत आणि वस्त्यांत बघा, बहुतेक ठिकाणी होमिओपॅथी किंवा आयुर्वेद शिकलेले डॉक्टर बसलेत. रात्री नऊला दवाखाना उघडा ठेवणारे तेच आहेत. २०१४मध्ये महाराष्ट्राने कायद्यात बदल केला. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ठरावीक ॲलोपॅथी औषधं देण्याची मुभा दिली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सरकारही या डॉक्टरांना हिशेबात धरतं. २०२२मध्ये संसदेत ८३४ माणसांमागे एक डॉक्टर असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यात साडेपाच लाखांहून जास्त आयुष डॉक्टर मोजलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणून सांगितलं जाणारं प्रमाण हजारामागे एक, म्हणजे कागदावर आपण पास झालो. पण अंधेरीतला हृदयतज्ज्ञ आणि मोखाड्यातली रिकामी खुर्ची यांची सरासरी काढून कुणाचा ताप उतरत नाही.

यात बायकांचं काय? कोपरपासून तिसरं स्टेशन कल्याण. आनंदीबाई जोशी त्या कल्याणच्या. चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं. योग्य उपचार मिळाले नाहीत. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी हे ध्यानात धरून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी क्षयाने त्या गेल्या, वय अवघं एकवीस. तेव्हापासून ‘लेडी डॉक्टर’ म्हणजे बाळंतपणाची, असं आपल्या डोक्यात बसलं ते बसलंच. आज एमबीबीएसच्या वर्गात साधारण निम्म्या मुली असतात. पण हाडांच्या शस्त्रक्रियेत बायका अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतात. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलगी एमबीबीएस, एमडी आणि त्यापुढची सुपरस्पेशालिटी संपवते तेव्हा तिशीला टेकलेली असते. तोवर घरातून घोषा सुरू होतो: रात्रपाळी नसलेली शाखा घे, लग्नाचं बघायला हवं. हा घोषा लावणाऱ्यांत आपण आया, आत्या, मावश्याच पुढे असतो. मुलाला कुणी असं सांगत नाही.

आता आपल्या स्वतःच्या तब्येतीकडे येऊ. समजा एका ताईचे केस गळताहेत, म्हणून ती त्वचातज्ज्ञाकडे गेली. पाळीत रक्त फार जातं, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. जिना चढताना धाप लागते, म्हणून हृदयतज्ज्ञाकडे. तीन फिया, तीन फायली. या सगळ्यामागे एकच कारण असू शकतं, अंगात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. साध्या हिमोग्लोबिनच्या तपासणीने कळणारी गोष्ट. पण तिन्ही तक्रारी एकत्र ऐकणारं कुणी हवं ना!

किंवा हे घ्या. गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली. अशा गोळ्यांनी काहींचा रक्तदाब वाढतो. दुसऱ्या डॉक्टरांनी वाढलेला दाब बघून दाबाची गोळी वाढवली. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मधला दुवा तेवढा नाही. आज तो दुवा म्हणजे घरातली बाई. कोणाची कोणती गोळी, कुठला रिपोर्ट कुठल्या पिशवीत, कुणाला कशाची ॲलर्जी, सगळं तिच्या डोक्यात. पहिल्या डॉक्टरचं निम्मं काम आपल्यावर आलंय, शिक्षणाशिवाय आणि पगाराशिवाय.

म्हणून आमचं सांगणं असं. घरातल्या प्रत्येकाची एक वही करा आणि आपली स्वतःची सगळ्यांत आधी. आजार, ऑपरेशन, ॲलर्जी, चालू गोळ्या, तारखेसह. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदाच्या आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्याही. एक डॉक्टर ठरवा आणि दर वेळी आधी त्यांच्याकडेच जा. त्यांचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे विचारायला लाजू नका. पाटीवर असतं ते, वाचून घ्या. आणि ‘याच्यापुढे माझं काम नाही, तज्ज्ञाकडे जा’ असं वेळेवर सांगणारा डॉक्टर सोडू नका. तज्ज्ञांकडे जाताना त्यांची चिठ्ठी मागा आणि तज्ज्ञांचं उत्तर त्यांना आणून दाखवा.

एक गोष्ट मात्र आपल्याला एकेकटीने जमणार नाही. डोंबिवलीत शास्त्रीनगर आहे, कल्याणात रुक्मिणीबाई आहे. ही आपल्या महापालिकेची रुग्णालयं आहेत, आपल्या करावर चालतात. तिथे तज्ज्ञांची पदं किती, भरलेली किती, आपल्या प्रभागातल्या दवाखान्यात पूर्णवेळ डॉक्टर बसतो का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. गटार तुंबलं की आपण नगरसेवकाच्या दारात जातो. तसंच पुढच्या वेळी दहाजणी मिळून दवाखान्याचंही विचारू या.

आणि कुणाची लेक एमबीबीएस होऊन घरी आली असेल, आणि म्हणत असेल, ‘आई, मला आपल्याच वस्तीत जनरल प्रॅक्टिस करायची आहे’, तर तिला ‘एवढं शिकून हेच?’ असं म्हणू नका. तिच्या दवाखान्याची पहिली पेशंट तुम्ही व्हा.