विस्मृत कलावंत आणि आपले कर्तव्य



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी एका कलावंताचे स्मरण करावेसे वाटते. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी पाचशेहून अधिक चित्रपट निर्माण केले. १९०२ मधील त्यांचा चंद्रप्रवासाचा चित्रपट जगभर गाजला. पुढे व्यवसाय बुडाला. १९२३ मध्ये उद्विग्न होऊन त्यांनी आपल्या चित्रफिती स्वहस्ते जाळल्या. त्यानंतर पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावर ते पत्नीसह खेळण्यांच्या दुकानात बसू लागले. नव्या पिढीच्या चित्रपटप्रेमींनी त्यांना तेथे ओळखले. हाती लागलेले जुने चित्रपट दाखवून डिसेंबर १९२९ मध्ये त्यांचा जाहीर गौरव झाला. १९३२ मध्ये ऑर्ली येथील वृद्धाश्रमात त्यांना हक्काचा निवारा लाभला. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

सन्मान लाभला, परंतु भस्मसात झालेली कला परतली नाही.

आपल्या शास्त्रांनी वैयावृत्त्यास आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. पूजा, स्तवने मुखोद्गत असलेले वृद्ध आपल्याही गावात आहेत. युवकांनी त्यांच्या दारी जावे, त्यांचे स्वर ध्वनिमुद्रित करावेत. शाल-श्रीफळ नंतरही देता येईल. स्वर मात्र आजच जपावा लागेल.

जय जिनेंद्र!