पोटदुखी अंगावर काढू नका



गर्भाने गर्भाशयात रुजावे हा निसर्गक्रम. पण १०० गर्भारपणांत एखाददुसऱ्या वेळी तो बाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. नळी अरुंद, गर्भ वाढला की ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो.

माझ्याकडे एकदा एका सुनेला बेशुद्ध आणले. दोन दिवस ओटीपोट दुखत होते. घरच्यांनी ओवा दिला, शेक दिला. पाळी चुकल्याचे तिने संकोचाने सांगितले नव्हते. शस्त्रक्रियेने ती वाचली. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ साली अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यापूर्वी अशा स्त्रिया बहुधा दगावत.

आता रक्ततपासणी व सोनोग्राफीने नळी फुटण्याआधीच निदान होते. वेळीच कळल्यास काहींना मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन पुरते. मात्र नंतर रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. तो गर्भ वाचत नाही, आई वाचते. पुढे पुष्कळजणींना मूलही होते.

म्हणून पाळी चुकल्यावर एका बाजूला दुखले, खांदा दुखला, भोवळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. थोडे रक्त दिसले म्हणजे पाळी आली, असे समजू नका. आणि सासूबाईंनो, ओव्याआधी पाळीची चौकशी करा.