निवृत्तिवेतनधारक असमर्थ झाला तर पेन्शन कोणी काढायची?

(दिल्ली येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि वेतन आयोग यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय घरात सहसा कोणी काढत नाही. पेन्शन दरमहा खात्यात जमा होते आहे, पण ज्याची ती पेन्शन, तो माणूस पक्षाघाताने किंवा स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेला आहे. औषधपाण्याला पैसा हवा, तो खात्यात आहे, आणि काढता येत नाही. मग पत्नीने काय करायचे?

प्रथम एक भेद ध्यानात घ्या. हात चालत नाही ही एक गोष्ट आणि भान राहिले नाही ही दुसरी. पहिल्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही उमटत नसेल तर नुसती खूण चालते, आणि पैसे कोण घेऊन जाईल हे खातेदाराने साक्षीदारांसमक्ष सांगायचे असते. ‘त्यांना इथे घेऊन या’ असे खिडकीवरून कोणी म्हणाले तर या सूचना दाखवा. नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठीही रुग्णाला उचलून नेण्याचे कारण नाही. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो. हे काम आपलेच टपाल बंधू करतात, तेव्हा त्यांना अधिक सांगत नाही.

खरी अडचण भान हरपल्यावर सुरू होते. अशा वेळी मुले धावत जाऊन स्टॅम्प पेपर आणतात. कुलमुखत्यारपत्र केले की काम झाले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. पेन्शनचे खाते मुखत्यारामार्फत चालवण्यास मुळातच परवानगी नाही. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडमध्ये अशा प्रसंगी टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

मग कायदा काय सांगतो? १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ चा नवा कायदा आला आणि ती गेली. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबाबत बोलू शकतो, पैशांबाबत नाही. परिणामी बेशुद्धावस्थेतील, म्हणजे कोमातील, माणसाच्या कुटुंबाला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तोच मार्ग धरला. वैद्यकीय मंडळाने रुग्णाला तपासायचे, महसूल अधिकाऱ्याने चौकशी करायची, मग पत्नीला किंवा मुलांना पालक नेमायचे, आणि पालकाने दर सहा महिन्यांनी न्यायालयाला हिशेब द्यायचा. हिशेबाची अट मला योग्य वाटते. सगळीच मुले श्रावणबाळ नसतात!

आता आपल्या भागातली एक गंमत पाहा. दिल्लीत नोकरी आणि घर गाझियाबादेत किंवा फरीदाबादेत, असे आपल्यात किती आहेत? रुग्ण गाझियाबादेत असेल तर साधारणपणे उत्तर प्रदेशाचे, म्हणजे प्रयागराजचे उच्च न्यायालय. फरीदाबाद किंवा गुरुग्रामला असेल तर चंदीगड. मेट्रोने अर्ध्या तासावर दिल्लीचे न्यायालय असून उपयोग नाही.

सबब आज, हात चालतो आहे तोवर, बँकेत जा. पेन्शनचे खाते पती-पत्नींच्या नावे संयुक्त करता येते, आणि दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल त्याने चालवावे असे लिहून देता येते. तसे असले की एकाच्या सहीवर काम होते. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाची पाळी आली तरी बँकेने नवे खाते उघडायला लावता कामा नये. फॉर्म भरायला दहा मिनिटे लागतात.

ज्यांच्या घरी मतिमंद अपत्य आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावे. अपत्य स्वतः कमवू शकत नसेल तर त्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मुलकी कर्मचाऱ्यांसाठी २०२१ च्या नियमांतील नियम ५० आहे, रेल्वेसाठी १९९३ च्या नियमांतील नियम ७५. ही रक्कम त्याच्या वतीने कोणी घ्यावी, ते नाव आई-वडिलांनी हयातीतच कार्यालयाला लेखी कळवावे. नाव नोंदलेले असेल तर बँकेने न्यायालयाचे पालकत्व-प्रमाणपत्र मागू नये, असे केंद्राच्या पेन्शन विभागाचे म्हणणे आहे. नाव राहून गेले असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीचे प्रमाणपत्रही चालते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

इथेच आपल्या मागणीचे कारण आहे. अपत्यासाठी माणूस नेमून ठेवण्याचा अधिकार सरकार पेन्शनधारकाला देते, मग स्वतःसाठी का नाही? निवृत्तीच्या कागदपत्रांतच ‘मी असमर्थ झाल्यास माझी पेन्शन अमुक व्यक्तीने माझ्या उपचारांसाठी काढावी’ असा एक रकाना असावा आणि काढलेल्या रकमेचा हिशेब विभागाने मागावा. तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून मिळवलेला पैसा काढायला वकील लागू नये. आपापल्या शाखेने तसा ठराव करून महासंघाकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा आणि संयुक्त खात्याच्या अर्जाचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. आता प्रश्न विचारा.