रविवारचा हिशेब



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या तक्रारअर्जांनी आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांनी केले. म्हणून आयुष्याकडे मागे वळून पाहताना मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. एका वाराचा हिशेब तेवढा देतो. तो वार रविवार.

माझे वडील गिरणगावात साच्यावर काम करीत. आमचे गाव पुरंदर तालुक्यातले, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. रविवारी सकाळी आबा देव्हाऱ्यातला टाक उजळीत, भंडारा वाहत, आणि मग दिवसभर आम्हा पोरांचे होत. ही सुट्टी देवानेच दिली, असे मला लहानपणी वाटे.

पुढे वाचनात नारायण मेघाजी लोखंडे आले. सत्यशोधक विचारांच्या या पुढाऱ्याने १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टी मागितली, आणि १८९० च्या जूनमध्ये मालकांनी ती मान्य केली. सहा वर्षे झगडल्यावर कोठे आबांचा रविवार जन्माला आला!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबांना पुन्हा साचा दिसला नाही. माझी शाळा सुटली ती तेव्हा. देवावरचा विश्वासही सुटला. आबा मात्र भाजीची पाटी घेऊन फिरले, आणि रविवारी टाक उजळीतच राहिले. "त्याच्यावर रुसून कोणाचं पोट भरणार?" एवढेच म्हणत.

मी संघटनेत पडलो. कामगार मोकळा सापडतो तो रविवारी. म्हणून माझ्या सभा-बैठका साऱ्या रविवारी. आबा थकले तेव्हा म्हणाले, "एकदा जेजुरीला ने." मी म्हणालो, "येत्या रविवारी." असे कितीतरी रविवार गेले.

त्याच सुमारास बाहेरगावच्या एका कारखान्यातील चारशे कंत्राटी कामगारांच्या सुट्टीसाठी मी भांडत होतो. करार झाला, हार पडले. तीन दिवसांनी घरी आलो, तो आबांच्या कपाळावर भंडारा! माझी पत्नी त्यांना एसटीने जेजुरीला नेऊन आली होती. पायरीपायरीवर बसवीत गड चढविला होता. ती शांतपणे म्हणाली, "अहो, चारशे घरांना सुट्टी मिळवून दिलीत. आमच्या घराचा अर्ज कोणाकडे द्यायचा?"

मालकांच्या वकिलांपुढे मी कधी निरुत्तर झालो नाही. त्या दिवशी झालो.

आबा गेले, टाक माझ्याकडे आला. देव आहे की नाही, याचा निकाल माझ्याच्याने लागलेला नाही. पण रविवारी सकाळी मी टाक उजळतो, आणि पत्नीने केलेला चहा तिच्यासमोर बसून पितो. बैठका आता आठवड्यातल्या रात्री होतात. लोक कमी येतात, पण घरच्यांसह येतात.

आज आपल्या दारी जिन्नस पोचविणारी मुले ज्या दिवशी काम करीत नाहीत, त्या दिवशी त्यांना पैसे मिळत नाहीत. त्यांच्यात मी सध्या काम करतो. त्यांचा रविवार अजून जन्माला यायचा आहे. तो मिळविण्यास आपले बळ द्यावे. आणि आपल्याला मिळालेला आहे, तो आपल्या माणसांना द्यावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.